चाच्यांना पकडायला आलेला इंग्रज कमोडोर अलिबागला मार खाऊन गेला आणि चाच्यालाच माल विकून आला

समजा एखाद्या पोलीस अधिकाऱ्याला दरोडेखोर पकडायला पाठवलं. त्यानं दरोडेखोर तर पकडला नाहीच, उलट त्यालाच टोप्या, बूट आणि दारू विकली, बदल्यात हिरे घेतले आणि सरकारी गाडीतून घरी परत आला. वर त्याला शिक्षा किती? तर चार महिन्यांचा पगार कापला.

हे खरंच घडलंय, फक्त जमिनीवर नाही तर समुद्रावर. या गड्याचं नाव थॉमस मॅथ्यूज. ब्रिटिश आरमाराच्या इतिहासात हा माणूस प्रसिद्ध आहे तो तूलोंच्या लढाईमुळे. पण त्याच्या आयुष्यातला सगळ्यात भारी किस्सा आपल्या कोकणातला आहे, आणि त्यात समोर होते सरखेल कान्होजी आंग्रे.

हा किस्सा समजून घ्यायचा तर आधी त्या काळच्या आरमारातली एक पद्धत माहिती असायला हवी. ती म्हणजे फ्रेट मनी.

काय होतं हे फ्रेट मनी?

त्या काळी ना बँक ट्रान्सफर होतं ना चेक. मुंबईतल्या, लिस्बनमधल्या किंवा लंडनमधल्या व्यापाऱ्याला पैसे पाठवायचे तर सोनं, चांदी, हिरे पेटीत भरून जहाजातून पाठवावे लागायचे. समुद्रावर चाचे होते, शत्रूची जहाजं होती. साध्या व्यापारी जहाजावर तोफा कमी, माणसं कमी.

मग सगळ्यात सुरक्षित जागा कुठली? राजाची युद्धनौका. पन्नास-साठ तोफा आणि शेकडो खलाशी असलेल्या जहाजाच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. त्यामुळं व्यापारी आपली पेटी युद्धनौकेच्या कॅप्टनकडं द्यायचे आणि त्याबद्दल त्याला मोबदला द्यायचे. शंभराच्या ऐवजामागं साधारण एक-दोन असा हा हिशोब असायचा.

ऐकायला कमी वाटतं, पण गणित करून बघा. मध्यम आकाराच्या युद्धनौकेच्या कॅप्टनला त्या काळी वर्षाला दोनशे पौंडांच्या आसपास पगार होता. आणि एक लाख पौंडांची चांदी एकदा पोचवली, तर एक टक्क्यानं हजार पौंड होतात. म्हणजे एका फेरीत पाच वर्षांचा पगार. जहाज सरकारचं, खलाशी सरकारचे, तोफा सरकारच्या आणि मोबदला कॅप्टनच्या खिशात.

यात लफडी होणारच होती. कॅप्टन लोक नेमलेलं काम सोडून जिथं चांदी मिळेल त्या बंदरात जाऊन बसायचे. म्हणून १६८६ मध्ये राजा दुसरा जेम्स यानं या वाहतुकीवर बंधनं घातली आणि त्या बदल्यात कॅप्टनना जास्तीचा भत्ता देऊ केला. पण सवय काही सुटली नाही. पुढं १७४९ च्या युद्धनियमांमध्ये स्पष्टच लिहिलं गेलं की युद्धनौकेवर व्यापारी माल घ्यायचा नाही, अपवाद फक्त सोनं, चांदी आणि जवाहिराचा.

म्हणजे हिऱ्यांची पेटी नेली तर चालेल, मिरीचं पोतं नेलं तर गुन्हा. पण एकदा सरकारी जहाजातून पैसे कमवायची सवय लागली की पेटी आणि पोतं यातला फरक पुसट व्हायला वेळ लागत नाही. मॅथ्यूजचं नेमकं तेच झालं.

कोण होता हा मॅथ्यूज?

थॉमस मॅथ्यूज १६७६ मध्ये वेल्समधल्या लँडाफ इथं जन्मला. घराणं जुनं, जमीनजुमला असलेलं. त्याच्या आईचे वडील सर थॉमस आर्मस्ट्राँग यांना राजाविरुद्धच्या कटाच्या आरोपावरून १६८४ मध्ये मृत्युदंड झाला होता. आजोबांचा असा शेवट होऊनही नातू १६९० मध्ये राजाच्याच आरमारात दाखल झाला आणि १७०३ मध्ये कॅप्टन बनला.

लढायला तो कधी मागं हटला नाही. १७१८ मध्ये सिसिलीजवळ केप पासारोच्या लढाईत इंग्रजांनी स्पॅनिश आरमाराची वाताहत केली, तिथं तो एका जहाजाचा कप्तान होता. पण त्याचा स्वभाव तापट होता. पटकन चिडायचा, कुणालाही बोलायचा, आपल्या मानापानाबद्दल भलताच हळवा. हा स्वभाव आणि पैशाची ओढ या दोन्ही गोष्टी आयुष्यभर त्याच्या सोबत राहिल्या.

आता वळू हिंदी महासागराकडं. १७२० च्या आसपास मादागास्करच्या आसऱ्यानं राहणाऱ्या युरोपीय चाच्यांनी इथं धुमाकूळ घातला होता. १७२० मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचं कॅसँड्रा हे जहाज पकडलं. एप्रिल १७२१ मध्ये तर कहर झाला. गोव्याहून निघालेलं एक मोठं पोर्तुगीज जहाज वादळात मोडकं होऊन रियुनियन बेटाशी थांबलं होतं. त्यावर गोव्याचा मावळता व्हाइसरॉय काउंट ऑफ एरिसेरा आणि हिऱ्यांचा प्रचंड साठा होता. टेलर आणि ला ब्यूस या चाच्यांनी ते अख्खं जहाजच ताब्यात घेतलं. चाच्यांच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या लुटींमध्ये ही लूट मोजली जाते.

कंपनीनं लंडनमध्ये आधीच गाऱ्हाणं घातलं होतं. राजानं चार युद्धनौका दिल्या, लायन, सॅलिस्बरी, एक्झिटर आणि शोरहॅम. त्यांचा कमोडोर म्हणून १७२१ मध्ये निघाला थॉमस मॅथ्यूज. काम एकच होतं, चाच्यांचा बंदोबस्त.

पहिली चूक झाली मादागास्करलाच. वादळामुळं त्याची दोन जहाजं मागं पडली होती. त्यांच्यासाठी मॅथ्यूजनं किनाऱ्यावरच्या लोकांकडं एक चिठ्ठी ठेवली. त्यात आपल्या ताफ्याची माहिती होती. ती चिठ्ठी त्याच्या माणसांच्या आधी चाच्यांच्या हाती लागली. त्यांनी ती निवांत वाचली आणि सुंबाल्या केला. पकडायला आलेल्यानं स्वतःच्या हातानं वर्दी देऊन ठेवली होती.

मुंबईत आल्या आल्या भांडण

सप्टेंबर १७२१ मध्ये मॅथ्यूज मुंबईला पोचला. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता चार्ल्स बून. आता या दोघांचं पहिलं भांडण कशावरून झालं असेल? तर तोफांची सलामी आधी कुणी द्यायची यावरून. मॅथ्यूजचं म्हणणं होतं की आपण राजाचे अधिकारी, कंपनीच्या गव्हर्नरनं आधी सलामी द्यावी. बूनला वाटत होतं मुंबईत आपला मान मोठा. यावर बरीच पत्रापत्री झाली.

बूनला मात्र या आरमाराची गरज होती, कारण त्याला कान्होजी आंग्रे हटवायचे होते. शाहू महाराजांचे सरखेल असलेल्या कान्होजींचा नियम सरळ होता. कोकण किनाऱ्यावरून जायचं तर आमचा दस्तक घ्या, त्याची रक्कम भरा आणि बिनघोर जा. दस्तक नसेल तर जहाज जप्त. कंपनीला हे मान्य नव्हतं, म्हणून तिच्या कागदांमध्ये कान्होजींचा उल्लेख चाचा असाच यायचा. खरं तर ते एका राज्याच्या आरमाराचे प्रमुख होते आणि आपल्या पाण्यातून जाणाऱ्यांकडून उघड उघड कर घेत होते.

बूननं १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला, फसला. १७२० मध्ये विजयदुर्गावर केला, तोही फसला. आता त्यानं गोव्याच्या पोर्तुगीजांशी हातमिळवणी केली आणि ठरलं की कुलाबा-अलिबागवर जमिनीवरून आणि समुद्रावरून एकदम चाल करायची. समुद्रावर मॅथ्यूजच्या युद्धनौका होत्याच.

अलिबागला काय झालं?

डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांची हजारोंची फौज अलिबागला जमली. पोर्तुगीज व्हाइसरॉय स्वतः हजर होता. कागदावर ही लढाई कान्होजींना जड जाणार होती. पण कान्होजींच्या मदतीला शाहू महाराजांकडून घोडदळ आलं. पेशवे बाजीराव आणि पिलाजी जाधवराव त्यात होते. बाजीराव तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचे होते.

लढाईआधीच एक प्रसंग घडला. मॅथ्यूज किनाऱ्यावर फिरत असताना एका मराठा स्वारानं भाला मारून त्याची मांडी फोडली आणि घोडा पिटाळला. मॅथ्यूज संतापानं वेडा झाला. जखमी पायानिशी घोड्यावरून त्याच्या मागं लागला, पिस्तुलं काढली, चाप ओढले, पण बार काही निघेना. पिस्तुलं भरलेलीच नव्हती.

प्रत्यक्ष हल्ल्यात इंग्रज शिड्या घेऊन तटाला भिडले, पण टिकू शकले नाहीत. दुसऱ्या अंगानं मराठा घोडदळ पोर्तुगीजांवर तुटून पडलं तेव्हा पोर्तुगीज पळत सुटले. ते बघून इंग्रजही हटले. मागं राहिल्या तोफा आणि दारूगोळा, ते मराठ्यांच्या हाती पडलं.

मॅथ्यूजचा पारा पुन्हा चढला. ताफ्यातल्या सॅलिस्बरी जहाजावर क्लेमेंट डाउनिंग नावाचा एक तरुण होता. त्यानं पुढं १७३७ मध्ये या मोहिमेवर पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की मॅथ्यूज थेट पोर्तुगीज सेनापतीच्या अंगावर धावून गेला आणि हातातली काठी त्याच्या तोंडात खुपसली. मित्रांचीच अशी मारामारी म्हटल्यावर युती टिकणार कशी? बाजीरावांनी ही फूट बरोबर हेरली. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला आणि इंग्रज एकटे पडले. गव्हर्नर बून त्याच महिन्यात मायदेशी निघून गेला. कुलाबा कान्होजींकडंच राहिला.

आणि मग कमोडोर दुकान मांडून बसला

यानंतर मॅथ्यूजनं चाच्यांचा शोध घेणं अपेक्षित होतं. १७२२ मध्ये तो मादागास्करला परत गेलाही. पण नामांकित चाचे कधीच पसार झाले होते. सेंट मेरी बेटावर त्याला लुटलेल्या जहाजांचे सांगाडे आणि किनाऱ्यावर पडलेले मसाल्यांचे, चिनी मातीच्या भांड्यांचे ढीग तेवढे दिसले.

एक चाचा मात्र तिथंच होता, जॉन प्लँटेन. जमैकात जन्मलेला हा माणूस मादागास्करमध्ये स्वतःला राजा म्हणवून घ्यायचा. त्याला बेड्या घालण्याऐवजी मॅथ्यूजनं त्याच्याशी सौदा केला. आपल्या जहाजांवरच्या टोप्या, बूट, मोजे आणि दारू त्याला विकली. प्लँटेननं सोनं आणि हिरे देऊन दाम चुकवला. डाउनिंगच्या सांगण्यानुसार पुढची गंमत अशी, की विकलेली दारू किनाऱ्यावर ठेवलेली होती. मॅथ्यूजनं होड्या पाठवल्या, ती दारू आणि तिच्या राखणीला बसलेली माणसंही उचलली आणि बंगालच्या दिशेनं निघून गेला. चाच्याला लुटल्याचं त्याला भारी कौतुक वाटत होतं.

बंगालमध्येही तेच. राजाची युद्धनौका मॅथ्यूजच्या खासगी व्यापाराच्या कामाला लागली. कंपनीच्या लोकांचा यावर जळफळाट झाला. त्याचं कारण फक्त नीतीचं नव्हतं. कंपनीचे स्वतःचे नोकर तुटपुंज्या पगारावर होते आणि खासगी व्यापारातूनच श्रीमंत होत होते. आता राजाच्या युद्धनौकेचा मालक त्यांच्याच बाजारात उतरला. त्याला ना भाडं ना जकातीची भीती, त्याच्याशी स्पर्धा करणार कोण?

यात भर पडली एका बाईच्या प्रकरणाची. तिचं नाव कॅथरीन. १७१२ मध्ये ती कारवारहून मुंबईला येत असताना कान्होजींच्या गलबतांनी तिचं जहाज पकडलं होतं. त्या चकमकीत तिचा नवरा चाऊन मारला गेला. तिला कुलाब्याला ठेवण्यात आलं आणि १७१३ मध्ये ३०,००० रुपये घेऊन सोडण्यात आलं. पुढं तिनं केरळातल्या अंजेंगोच्या वखारीचा प्रमुख विल्यम गिफर्ड याच्याशी लग्न केलं. एप्रिल १७२१ मध्ये तिथल्या लोकांनी उठाव करून गिफर्डला ठार केलं. आता कंपनी गिफर्डच्या पैशांचा हिशोब त्याच्या विधवेकडं मागत होती.

कॅथरीननं मॅथ्यूजचा आसरा घेतला. ती राजाच्या ध्वजाखाली आहे, कंपनीचा तिच्यावर अधिकार चालणार नाही, असं मॅथ्यूजनं ठणकावलं आणि तिला स्वतःच्या लायन जहाजातून इंग्लंडला घेऊन गेला. कंपनी बघत राहिली.

शिक्षा झाली, पण कसली?

१७२४ मध्ये मॅथ्यूज इंग्लंडला पोचला. कंपनीनं तक्रारींचा ढीगच लावला होता. आज्ञा मोडली, चाचे पकडले नाहीत, राजाची जहाजं व्यापाराला वापरली. आरमाराच्या कोर्ट मार्शलपुढं त्याला उभं केलं गेलं. युद्धनौका व्यापाराच्या कामाला लावल्याचा आणि स्वतः व्यापार केल्याचा दोष सिद्ध झाला.

आणि शिक्षा? चार महिन्यांचा पगार जप्त. बास.

एवढी हलकी शिक्षा का, हे समजायला फ्रेट मनीची पद्धतच उपयोगी पडते. कोर्टात न्याय द्यायला बसले होते ते आरमाराचेच कॅप्टन. सरकारी जहाजातून सोनं-चांदी नेऊन मोबदला घेणं हा त्यांच्या व्यवसायाचा रोजचा भाग होता. त्यातल्या एकानं सोन्याऐवजी माल भरला, तर त्यांच्या दृष्टीनं ते पाप नव्हतं, नियमाचा थोडा जास्तच ताणलेला अर्थ होता.

मॅथ्यूज घरी बसला, पण कायमचा नाही. १७३६ मध्ये त्याला चॅटम गोदीचं मोठं पद मिळालं. १७४२ मध्ये तर तो व्हाइस ॲडमिरल आणि भूमध्य समुद्रातल्या अख्ख्या ब्रिटिश आरमाराचा प्रमुख झाला.

खरा दणका बसला तूलोंला

फेब्रुवारी १७४४ मध्ये फ्रान्समधल्या तूलों बंदराबाहेर फ्रेंच आणि स्पॅनिश आरमाराशी त्याची गाठ पडली. नियम असा होता की सगळ्या जहाजांनी एका रांगेत राहून लढायचं. मॅथ्यूजचा दुय्यम अधिकारी रिचर्ड लेस्टॉक आपल्या तुकडीसह बराच मागं राहिला होता. या दोघांचं आधीपासून पटत नव्हतं. शत्रू निसटतोय हे बघून मॅथ्यूजनं लेस्टॉकची वाट न बघता स्वतःचं जहाज रांगेतून बाहेर काढलं आणि हल्ला चढवला. पण रांगेत राहण्याचा संकेत तसाच फडकत होता. काही जहाजं त्याच्यामागं गेली, काही गोंधळली आणि लेस्टॉक संकेताकडं बोट दाखवत लांबच राहिला. शत्रू निसटला.

पार्लमेंटमध्ये चौकशी झाली, मग कोर्ट मार्शलची मालिकाच लागली. न लढलेला लेस्टॉक १७४६ मध्ये निर्दोष सुटला, कारण त्यानं संकेत पाळला होता. आणि लढायला पुढं गेलेला मॅथ्यूज जून १७४७ मध्ये आरमारातून बडतर्फ झाला, कारण त्यानं रांग मोडली होती.

याचा परिणाम पुढच्या पिढीवरही झाला. १७५६ मध्ये मिनोर्काजवळ ॲडमिरल जॉन बिंग मॅथ्यूजचं उदाहरण डोळ्यापुढं ठेवून रांग मोडायला तयार झाला नाही. लढाई हातची गेली आणि १७५७ मध्ये, शर्थ केली नाही म्हणून, बिंगला गोळ्या घालून मारण्यात आलं.

मॅथ्यूज ऑक्टोबर १७५१ मध्ये लंडनमध्ये वारला. त्याच्या आयुष्याचा ताळेबंद मांडला तर विचित्र दिसतो. नेमलेलं काम सोडून व्यापार केला त्याची किंमत चार महिन्यांचा पगार. शत्रूवर चालून गेला त्याची किंमत अख्खी कारकीर्द.

फ्रेट मनी मात्र त्याच्यानंतरही टिकून राहिलं. १८१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा करून त्याचे दर आणि वाटे ठरवायची सोय केली. त्यानंतर या पैशातला वाटा कॅप्टनबरोबर त्याच्या ॲडमिरलला आणि ग्रीनिचच्या खलाशांच्या रुग्णालयालाही मिळू लागला. रक्कम बंद करता येत नव्हती, म्हणून निदान ती वहीवर आणली. ज्या खलाशांच्या जिवावर पेट्या पोचायच्या, त्यांच्यापर्यंत रुग्णालयाच्या रूपानं का होईना, काहीतरी पोचायला एवढी वर्षं जावी लागली.

आणि कान्होजी? ते १७२९ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत कोकणच्या समुद्राचे सरखेल राहिले. त्यांची समाधी अलिबागमध्ये आहे. ओहोटीला आजही लोक वाळूतून चालत कुलाबा किल्ल्यात जातात. दस्तकाची रक्कम उघडपणे, राज्याच्या नावानं घेणाऱ्या या माणसाला इंग्रजांच्या कागदांनी चाचा ठरवलं, आणि सरकारी जहाजात दुकान थाटणाऱ्याला त्यांनी ॲडमिरल केलं.